कोरडा उंबरा

पोलिओच्या थेंबांसाठी दुपारच्या अजानपर्यंत तोफा थांबवायचं दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं. ताइझ शहराच्या वरच्या डोंगरातली ही आमची शेवटची गल्ली. बर्फाची पेटी माझ्या खांद्यावर, खडू आणि शाईचं पेन घुसून नावाच्या पोरीच्या हातात. ती माझ्यासोबत नवीनच लागलेली.

गल्लीच्या टोकाला एक निळं दार उभं होतं. मागच्या हिवाळ्यात बॉम्ब पडला, तेव्हा घर गेलं आणि घरातली सगळीच गेली. दारामागे आता थेट दरी. दारावर मात्र माझ्याच खडूची जुनी खूण होती: मुलं तीन.

घुसूनने कडी वाजवली.

"अगं, आत कोण बसलंय उघडायला?"

"एकही दार सोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, खाला? मग आता चिडता कशाला?" ती हसत म्हणाली.

दार आपसूक उघडलं. वारा असेल. दरीतून दुधासारखं धुकं वर येत होतं आणि त्याला तंदूरमधल्या ताज्या रोटीचा वास होता.

का कोण जाणे, मी लसीची कुपी उघडली. एकेकाला दोन, असे सहा थेंब उंबऱ्यावर सोडले.

उंबरा कोरडाच राहिला. वाकून हात फिरवला, तरी कोरडाच.

घुसूनचं हसू कधी मावळलं, कळलं नाही. तिने पेन माझ्या हातात दिलं.

"करंगळ्यांना शाई लावायची राहिली, खाला," ती हळूच म्हणाली.

मी पेन धुक्यात धरलं. टोक कशाला तरी अलगद टेकलं, आणि ते जे काही होतं, ते गुदगुल्या झाल्यासारखं मागे सरलं.