अकरा मिनिटांचं काम

सुई आपोआप खाली गेली, वर आली, आणि खडखड करत धावायलाच लागली. "चाललं! आई, चाललं!" ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

आणि मग तिने जीभ चावली.

घराची पुढची खोली मोकळी करून तिने दुरुस्तीचं दुकान मांडलं, त्याला आज दहावा दिवस. नऊ दिवस नुसत्या इस्त्र्यांच्या वायरी बदलण्यात गेले. सर्किटचं काम आज पहिल्यांदा हाती आलं होतं. गल्लीतल्या शिंपीमास्तरांचं शिवणयंत्र, नव्या पद्धतीचं, बटणांवर चालणारं, दोन दिवस मेल्यासारखं पडलं होतं. "आतली सर्किटची सगळी पाटीच बदला, अठरा हजार पडतील," असं कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं.

दुकानाला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जागा दिली आणि त्याबरोबर नियमही दिला. काम पाच मिनिटांत होवो की पाच तासांत, गिऱ्हाइकाला सांगायचं, परवा या. हातासरशी दिलं की लोकांना फुकटचं वाटतं. तिने मान हलवून कबूलही केलं होतं. पण आनंद झाला की तिच्या पोटात काही राहत नाही, त्याला ती तरी काय करणार!

पायरीवर टेकलेले मास्तर तोवर आत आले होते. धावत्या सुईकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले. "ताई, कमाल केलीत! किती द्यायचे?"

कोपऱ्यात शाल पांघरून बसलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

ती मनात हिशेब करू लागली. सामान म्हणावं तर सांधायला लागलेला कथलाचा एक थेंब. आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला असताना ती दिवसभर मान मोडून चारशे घरी न्यायची. दोनशे सांगावेत? पण मास्तरांकडे दिवसाला पन्नास माणसं येतात. आज तोंडातून जो आकडा निघेल तो संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल, आणि दोनशेवाली ठरली की जन्मभर दोनशेवालीच. आणि जास्त सांगितले नि मास्तर वळले, तर पुन्हा इस्त्र्या आहेतच.

"पंधराशे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

सासूबाईंना ठसका लागला.

"अकरा मिनिटांचे पंधराशे?" मास्तरांनी विचारलं. रागाने नाही, पण विचारलं.

'बरं, पाचशे द्या' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले. यंत्र बंद करून तिने पाटी सोडवली आणि भिंगाखाली धरली. "या, बघा. यंत्राच्या हादऱ्याने इथल्या एका जोडाला तडा गेला होता. केसाहून बारीक. तो मी सांधला."

मास्तरांनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावला. पाटी आडवी धरली, तिरकी धरली, उजेडाकडे नेली.

"कुठला जोड?"

"हा. या रांगेतला तिसरा."

"शेजारच्यात आणि यात मला तर काही फरक दिसत नाही."

"दिसला असता तर काम कच्चं झालं असतं," ती पटकन बोलून गेली. मग तिला वाटलं, संपलं, गेलं गिऱ्हाईक.

मास्तर सरळ झाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "ताई, चाळीस वर्षं मी रफूचं काम करतो. फाटलेलं असं विणून देतो, की कुठे फाटलं होतं ते मालकालाही कळू नये. आणि मग मालकच म्हणतो, काही दिसत तर नाही, पैसे कशाचे घेता?" त्यांनी खिशातून नोटा काढल्या, पंधराशे मोजून तिच्या हातावर ठेवले. "हे शिवणाऱ्याला कळायला नको होय? वर मीच तुम्हाला घड्याळ दाखवतो!"

तिला हसावं की रडावं कळेना. तिने नोटा क्षणभर दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, मग पाटी जागेवर ठेवून यंत्राचं झाकण बसवलं.

मास्तर यंत्र उचलून पायरीपर्यंत गेले, तेव्हा मागून सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, थांबा जरा."

त्या उठल्या, कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून शंभराच्या दोन नोटा काढल्या.

"हे कशाचे, वहिनी?"

"गेल्या महिन्यात ही शाल रफूला दिली होती. तुम्ही चारशे सांगितलेत, मी दोनशेच टेकवले."

"जाऊ द्या हो, ते झालं गेलं."

"घ्या म्हणते ना!" सासूबाईंनी नोटा त्यांच्या खिशात कोंबल्या, आणि शालीचं टोक उजेडात धरून चाचपत म्हणाल्या, "ते भोक होतं कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही."