तीनशे चारमधली सहरी

"माझी तार चुकली असेल तर उद्यापासून हातात पक्कड धरणार नाही," असं म्हणत शौकत दुबईच्या करामा भागातल्या त्या जुन्या इमारतीचे जिने चढू लागला. रोजा होता, लिफ्ट बंद होती आणि मित्रानेच कामात खोट काढली होती. अशा वेळी माणसाचा आवाज चढणारच.

सिद्धार्थ लॅपटॉप छातीशी धरून मागून येत होता. धंदा दोघांचा होता. शौकत प्रत्येक घरातल्या गॅसच्या मीटरपासून तळमजल्यावरच्या पेटीपर्यंत तार ओढायचा आणि सिद्धार्थ सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात खुर्चीत बसून त्या तारेवरून आलेले आकडे वेबसाइटवर दाखवायचा. मीटर वाचायला कोणी दारोदार फिरायला नको. आज दुपारच्या नमाजानंतर मालकाचा माणूस हनीफ ते बघायला येणार होता. त्याला पटलं तर मालकाच्या बाकीच्या इमारतीही यांच्याच, नाहीतर हातातली होती तीही गेली.

आणि नेमकी आज सकाळी सिद्धार्थच्या डोळ्यांत दोन घरं खुपली. ३०४ मध्ये कुमुदकाकू आणि अंबादासकाका, ३०५ मध्ये शहनाझ, तहसीन आणि त्यांचा लहानगा हम्माद. मीटर बसवताना दोन्ही घरी चहा झाला होता, त्यामुळे माणसं माहितीची. रमजान चालू होता, आणि पहाटे सहरीच्या, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाच्या वेळी गॅस जळत होता तो काकूंच्या घरात! भर दुपारी जळत होता तो रोजेदारांच्या घरात! तेही रोज. दोन तारांची अदलाबदल झाल्याशिवाय असं होईल कसं? सिद्धार्थने बसल्या जागी वेबसाइटवर त्या दोन घरांचे नंबर आपसांत बदलून टाकले आणि मग शौकतला फोन करून तुझी तार चुकली म्हणून सांगितलं. नंबर आपण बदललेत हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

३०४ ला कुलूप होतं. ३०५ ची बेल दाबली, तर दार उघडलं कुमुदकाकूंनी. कडेवर हम्माद, हातात पळी.

"काकू, तुम्ही इथे?"

"मग कुठे असणार? आत या आधी, आमटी उतू जाईल."

शौकत तरातरा स्वयंपाकघरात गेला. शेगडी पेटलेली होती. मीटरवरचे काटे फिरत असल्याचं त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हा मीटर ३०५ चा. आता तुझ्या वेबसाइटवर दाखव."

सिद्धार्थने ओट्यावर लॅपटॉप उघडून ताजा आकडा मागवला. आकडा पुढे सरकला, पण तो ३०४ समोर.

शौकतचा चेहरा पडला. त्याने परत एकदा पडद्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. "या अल्ला," तो हळूच म्हणाला, "खरंच माझीच चूक की रे."

एवढ्यात फोन वाजला. हनीफ. "सिद्धार्थभाई, मैं नीचे पहुँच गया. ऊपर आ रहा हूँ."

गप्प राहिलं असतं तर निभावून गेलं असतं. तार चुकली होती, आम्ही पकडली, दुरुस्त केली, असं हनीफला सांगता आलं असतं, उलट शाबासकीच मिळाली असती. पण शौकत आपल्याच हातांकडे बघत उभा होता आणि ते काही सिद्धार्थला बघवेना.

"तार बरोबर आहे तुझी," तो म्हणाला. "सकाळी मीच नंबर बदलले. तुला न विचारता."

शौकतने त्याच्याकडे पाहिलं. "रोज्यात शिव्या देता येत नाहीत म्हणून वाचलास. यल्ला, चल, पहिल्यासारखं कर."

नंबर जागेवर आले. हनीफ धापा टाकत वर पोहोचला तेव्हा ३०५ ची शेगडी ३०५ समोरच दिसत होती. त्याने शेगडी बंद करायला लावली, पुन्हा पेटवायला लावली, आकडा थांबतो आणि चालतो हे दोनदा पाहिलं. "खलास, सब ठीक है," तो म्हणाला. "बाकी बिल्डिंगों का काम कब शुरू करते हो?" आणि उत्तराला न थांबता पुढच्या मजल्यावरचा एखादा मीटर बघायला निघून गेला.

सिद्धार्थला इतकं हायसं वाटलं की तो तिथेच फ्रिजला टेकला. तरी एक कोडं राहिलंच होतं. "काकू, पण पहाटे तुमच्याकडे गॅस कोण जाळतं?"

"शहनाझ. तिची शेगडी म्हणजे या बाळराजांच्या उशाशी. कुकरची शिट्टी झाली की हा उठलाच, मग कसली सहरी आणि कसलं काय. माझी किल्ली तिच्याकडेच असते. येते, करते, घेऊन जाते."

"आणि तुमची झोप?"

"यांच्या घोरण्यापुढे शिट्टी कोणाला ऐकू येते?" काकू हसल्या. "दिवसा ती दोघं कामावर. हा आपल्या पाळण्याशिवाय झोपत नाही, म्हणून मी माझं रांधणं इथे करते." मग त्यांनी पळी थांबवली. "म्हणजे आमच्याकडे कधी काय शिजतं ते तुला तिकडे बसून दिसतं होय रे?"

"नाही हो काकू. गॅस कुठल्या घरात जळला एवढंच तारेला कळतं. कोणी जाळला, कोणासाठी जाळला, ते नाही."

"बरं आहे बाई," हम्मादच्या वाटीत वरण वाढत काकू म्हणाल्या. "तारेला जास्त कळलं असतं तर तुझा गॅस, माझा गॅस अशा वाटण्या करत बसली असती."