पाचवं बोट

पहिल्याच फडक्याला करंगळीचा डाग साफ गेला. खालचा पांढरा रंग कोरा करकरीत निघाला. विनिताने दुसऱ्या बोटावर फवारा मारायला बाटली उचलली, तेवढ्यात मागच्या स्टुलावरून हौसाबाई म्हणाल्या, "पुसू नको गं पोरी."

नव्या गाडीच्या बॉनेटवर हळदीची पाच बोटं ओढलेली होती. आता चार उरली. ती पुसून घ्यायला हौसाबाईंचा मुलगा ऋतुराज त्यांनाही सोबत घेऊन सकाळी सकाळी शीळफाट्याहून मानपाड्याला आला होता. ओरखडा तर सोडाच, गाडीवर वाळलेला पाण्याचा थेंबही त्याला खपत नसे. अशा लोकांना विनिताचं गाड्या पॉलिश करायचं दुकान बरोबर ठाऊक असतं. तिच्या हातून डाग निघाला नाही, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिने एकटीने कमावलेलं असं हे एकच, नाव.

ऋतुराज फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेला होता. त्याचा आवाज आत येत होता. "हो, दुपारी या सगळे. तोपर्यंत गाडी क्लीन होते. मग अक्षदा करेल ना पूजा, नीट."

"हळदीने रंग खराब होतो म्हणाले ते," विनिता म्हणाली.

"मग सुनेच्या हळदीनं नाही का होणार?" हौसाबाई फणकारल्या. "काल दसऱ्याला समदी सजत बसलेली. मी गुपचूप खाली आले नि बोटं ओढली. माझ्या मालकांच्या फंडातली गाडी ही. ते गेले म्हणून माझी हळद बाटली व्हय?"

विनिताने मागे वळून पाहिलं. भिंतीशी तिची पॉलिशची यंत्रं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर कालची हळद, कालचं झेंडूचं फूल. पूजेची थाळीही अजून तिथेच होती. ती हळद शेजारच्या गॅरेजवाल्याच्या बायकोने वाहिली होती. तीन दसरे झाले, तीच वाहते. वर्षभर ही यंत्रं चालवणारी विनिता त्या दिवशी लांब उभी राहून हात जोडते. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं, आणि या क्षणी तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

तिने फडकं बादलीत टाकलं, उजव्या हाताचा मोजा काढला आणि यंत्रांकडे गेली.

ऋतुराज फोन खिशात टाकत परतला. बॉनेट बघून त्याचा चेहरा उतरला. "अरे यार, पाचच्या पाच तशीच! ताई, मी गेलेलो तेव्हा तुम्ही स्टार्ट केलेलं ना? निघत नाहीये का?"

"निघतं की. एका फडक्यात."

"मग पुसा ना!"

"नाही पुसणार."

"मी ग्रुपवर टाकेन हां. अख्ख्या सोसायटीला सांगेन, विनिताकडे हळदीचा डाग निघत नाही."

"खुशाल टाका. फोटोसकट टाका." विनिताने हळदीने पिवळं झालेलं बोट त्याच्यासमोर धरलं. "आणि खाली लिहा, चार आईची आहेत, पाचवं विनिताचं."