ड्रॅगनच्या बदल्यात

"एक, दोन, तीन," म्हणत ताईने तिचा गेम मध्येच बंद केला. आमचे दोन्ही व्हिडिओ गेम वायरने जोडलेले होते. गेममधल्या तिच्या ड्रॅगनच्या बदल्यात मी माझी गोगलगाय देत होते, शेंबडी. अदलाबदल नेमक्या क्षणी तोडली की गेम गंडतो आणि ड्रॅगन दोघींकडे राहतो, असं तिला वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं. शेंबडी मात्र कायमची पुसली जाणार होती. लेव्हल चारची ती, मला काही वाटलं नाही.

ड्रॅगन माझ्याकडे आला. ताईने तिचा गेम पुन्हा चालू केला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "इकडेपण आहे."

पुढे मी कितीदा मागे लागले, तरी तिने आमचे ड्रॅगन एकमेकांशी लढवले नाहीत. दहावीचं वर्ष आहे, म्हणायची.

काल तिच्या लेकीने माळ्यावरून तिचा गेम काढला. नवे सेल घातल्यावर चालू झाला. मी तिच्या प्राण्यांच्या यादीत ड्रॅगन शोधला, सापडेना.

"मला बंद करायला उशीर झाला होता गं," ताई लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. "तू इतकी नाचत होतीस. काय सांगणार?"

यादीत सगळ्यात वर शेंबडी होती. लेव्हल शंभर.