कोंबड्यांचा वीट

माझ्या सासूला, चंद्राबाईला, कोंबड्यांचा वीट आलाय हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मर आली की निम्मं खुराडं रिकामं व्हायचं, उरलेल्यांवर मुंगूस टपलेलं. दुखरे गुडघे धरून शीट खरवडताना ती एकेका कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अंडं तर ती तोंडाला लावत नव्हती.

मी वैतागून म्हणायचे, "आत्याबाई, विकून टाका की एकदाच्या!"

"तुला काय कळतंय? गप ऱ्हा," म्हणत ती उजाडायच्या आत खुराडं उघडायची.

कोंबड्या सुटल्या की थेट शेजारी, तिच्या धाकट्या जावेच्या दारात. तिथली फरशी घाण करायच्या, कुंडीतली कोथिंबीर उकरायच्या, आणि मग दोघी जावांची शिवीगाळ अख्ख्या कोळवण गावाला ऐकू जायची. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या महिन्यात ती जाऊ घराला कुलूप लावून कायमची जांब्याला लेकाकडे राहायला गेली. मला वाटलं, सुटलो बाई! आता सासू तरी निवांतपणे कोंबड्या पाळेल.

तर त्याच आठवड्यात तिनं सगळ्या कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या. एक पिल्लूसुद्धा ठेवलं नाही.

"अहो, आता कुठं शांतता झाली होती! आत्ताच का विकल्या?"

रिकाम्या खुराड्याला लाथ घालत ती माझ्यावरच खेकसली,


"मंग आता हगवू कुनाच्या दारात?"