नाव कमी करण्याबाबत

साळोखेअण्णांची बायको हौसा वारली, तेरावंही झालं. तरी तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या अण्णांनी आज, काही घडलंच नसल्यासारख्या, रोजच्या दोन खुर्च्या मांडल्या. ते लिहायचे आणि शेजारी बसून हौसा जादा शब्दांवर काट मारायची. म्हणायची, "एवढं पाल्हाळ साहेब वाचतोय व्हय?"

पुरवठा विभागाचा कारकून आला. "अण्णा, रेशनकार्डातनं काकूंचं नाव कमी करायचा अर्ज द्या की. अख्ख्या तालुक्याचे लिहिता, तुम्हाला तीन ओळी काय जड?"

"जड कशानं? आत्ता देतो," अण्णा म्हणाले. असले शेकडो अर्ज त्यांनी चहा पिता पिता लिहिले होते.

दुपारपर्यंत अकरा पानं झाली. हौसाच्या आमटीलाच दीड पान गेलं होतं. काट कुठं मारायची, ते अण्णांना काही केल्या कळेना.

शेवटी त्यांनी बारावं पान घेतलं आणि लिहिलं, 'सदर अर्ज लांबला आहे. तरी तो तपासण्यासाठी मयत व्यक्तीस दहा मिनिटे कचेरीबाहेरील खुर्चीवर हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'