चाचणीची पिल्लं

चाळीसाव्या दिवशी सकाळी शेड रिकामी. दाराची कडी जागच्या जागी, आणि दाराखालची माती नाकानं पार उकरलेली. डुकराची दोन्ही पिल्लं पसार. आता बोला!

तिच्या नवऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. जनावरांचा डॉक्टर रक्त काढायच्या नळ्या घेऊन अंगणात उभा होता. डुकरांच्या तापाच्या साथीनंतरची सरकारी अटच तशी होती: धुऊन काढलेल्या शेडमध्ये दोन पिल्लं चाळीस दिवस ठेवायची. ती जगली, त्यांचं रक्त स्वच्छ निघालं, तरच पुन्हा डुकरं पाळायची परवानगी. दोघा नवरा-बायकोनं चाळीस दिवस डोळ्यांत तेल घालून त्यांना सांभाळलं होतं. नावं मात्र ठेवली नव्हती. एकदा हात पोळला की माणूस एवढं तरी शिकतो.

"अकरापर्यंत थांबतो," डॉक्टर म्हणाला. "नाही सापडली तर नवी पिल्लं, नवे चाळीस दिवस. माझ्या हातात काही नाही हो."

"म्हणजे सगळं मुसळ केरात!" नवरा म्हणाला.

हे जमलं नाही तर धाकट्या भावाकडे शहरात जायचं आणि कुठल्यातरी इमारतीत पहारेकरी व्हायचं, असं त्यानं आधीच बोलून दाखवलं होतं. जन्मभर डुकरांशी गप्पा मारलेला माणूस. तो बंद दाराशी काय बोलणार, कपाळ!

मक्याचं शेत पालथं घातलं, नाला पाहिला, शेजाऱ्यांचे गवताचे ढीग उपसले. पिल्लं कुठंच नव्हती. साडेदहा झाले तसा नवरा घामाघूम होऊन मागच्या फाटकापाशी आला. तिथून दोन भिंतींच्या मधून एक रुंद वाट सरळ माळापर्यंत जात होती.

"अगं, बादली वाजव."

तिनं बादली पायानं मागं सरकवली.

"ऐकलंस का? बादली वाजव म्हणतो."

"ह्या पिल्लांसाठी कधी वाजवली नाही मी. ह्यांना काय कळणार त्यातलं?"

खरंच होतं ते. आजाऱ्याच्या उशाशी पेज ठेवावी तशी ती त्यांच्यापुढे खाणं ठेवायची, पाऊल न वाजवता. बादली शेवटची वाजली ती साथीच्या वेळी. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली होती, आणि परका वास लागल्यामुळे एकही डुक्कर शेडबाहेर पडायला तयार नव्हतं. तेव्हा त्या माणसांतलाच एकजण अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "ताई, तुम्हीच बोलवा ना. म्हणजे त्यांना त्रास नाही होणार."

तिनं रिकामी बादली दांड्यानं वाजवली होती आणि ह्याच वाटेनं पुढं चालत गेली होती. मागून सव्वीसच्या सव्वीस डुकरं धावत आली, खायला मिळणार म्हणून. माळावर खड्डा तयार होता, चुन्याची पोती फोडून ठेवली होती. एकानंही तिच्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर तिला आज झोप तरी लागली असती.

आता भांडी घासताना पातेलं जरा आपटलं तरी वाटेवर खुरांचा आवाज उठायचा. ती नळ बंद करून ऐकत राहायची. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. झालं ते झालं, आता पुढं बघायचं, हे त्याचं ठरलेलं उत्तर; आणि वर एखादा विनोदही करून मोकळा व्हायचा.

"अहो, दुसरं काही करू या ना," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडते."

"दुसरं काय करू? सनई वाजवू?" तो खेकसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "वाजव गं. मला नाही जायचं शहरात."

तिनं बादली उचलली. फाटकाच्या मधोमध उभी राहिली आणि दांडा आपटला. एकदा. दोनदा. तिसरा टोला नीट बसलाच नाही.

वाटेच्या पार त्या टोकाला, खड्डा होता त्याच बाजूला, दोन कान दिसले. मग आणखी दोन. आणि पिल्लं धावत सुटली.

"आली की हो!" मागं येऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. "उगाच घाबरवलंत सकाळी सकाळी!" नळ्या सरळ करता करता तो थांबला. "पण ही अशी का पळतायत? एवढी वाट मोकळी पडलीय."

पिल्लं एकामागं एक, भिंतीला अंग घासत येत होती. मोठी डुकरं खाण्यावर तुटून पडतात तेव्हा लहानगी जीव वाचवायला अशीच कडेकडेनं पळतात. ह्या दोन पिल्लांनी इथं मोठं डुक्कर कधी पाहिलंच नव्हतं.

नवऱ्यानं रिकाम्या वाटेकडे कान दिला, तिचा दंड घट्ट धरला आणि तिला फाटकाच्या मधून झटकन बाजूला ओढलं.